खुनाच्या जेवणाला टेबल हवं

टेबलाशिवाय खून होत नाही, हे श्यामकांतरावांना अंबरनाथला नोकरीला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांच्या ऐकिवातले सगळे खून शेताच्या बांधावर, फार तर विहिरीच्या काठावर झालेले होते, आणि त्यातल्या एकाही खुन्याने आधी टेबलक्लॉथ अंथरल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या पत्नी पद्मजाबाई विलायतेला जाऊन आल्या आणि येताना एक खेळ घेऊन आल्या. लोकांना जेवायला बोलवायचं, जेवता जेवता एकाने मरायचं आणि बाकीच्यांनी गोड पदार्थ येईपर्यंत खुनी शोधून काढायचा. कोण मरणार आणि कोण मारणार, हे फक्त त्या दोघांना आणि यजमानाला आधी ठाऊक असायचं. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि त्यांचे खेळ आता कुठे आपल्या हाती लागत होते. विलायतेत थंडी फार, माणसं घरात कोंडली गेली की एकमेकांबद्दल असले विचार मनात येत असतील. अंबरनाथला निम्मा दिवस घाम पुसण्यात जातो, पण खेळ आला तो आला.

ऑफिसर मंडळींच्या कॉलनीत दर महिन्याला एकेकाच्या घरी जेवण असे. श्यामकांतरावांच्या घरी ते अजून एकदाही झालं नव्हतं, कारण त्यांच्या घरी जेवायचं टेबल नव्हतं. होते ते पाट, उमाच्या माहेरचे, पितळी फुल्यांचे, चांगले जाडजूड. मागच्या महिन्यात साहेबांच्या बंगल्यावर जेवताना पद्मजाबाईंनी रुमालाने ओठ टिपत उमाला विचारलं होतं, "तुम्ही अजून खालीच बसता का हो जेवायला?"

"हो," उमा म्हणाली होती.

बस, एवढंच. पण उमाने पुडिंगला हात लावला नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने श्यामकांतरावांचं ताट पाटासमोर असं आदळलं की आमटी पार भिंतीपर्यंत गेली. त्या दिवसापासून ती क्लबात जाईना. बायकांची भिशी चुकवली, हळदीकुंकू चुकवलं. "माझं काय काम तिथे?" म्हणायची आणि तांदूळ निवडत बसायची. रेशनच्या तांदळात निवडण्यासारखं पुष्कळ असतं, त्यामुळे दिवस जायचा. पण उमा हसत नाही म्हटल्यावर श्यामकांतरावांना घर खायला उठलं. त्यांचं बायकोवर फार प्रेम होतं आणि ते कुणाला कळू नये म्हणून ते घरात थोडे चिडचिडे असत.

म्हणून क्लबाच्या बैठकीत पद्मजाबाईंनी "पहिला खून कोणाकडे?" असं विचारलं तेव्हा श्यामकांतरावांचा हात आपोआप वर गेला. घरी येऊन त्यांनी छाती काढून सांगितलं, "पुढच्या शनिवारी खून आपल्याकडे."

"कशावर?" उमाने विचारलं.

त्याचाच तर घोळ होता.

कारखान्याच्या कँटीनमध्ये टेबलं नुसती पडून होती. श्यामकांतराव स्टोअर्सचे ऑफिसर, त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातला खिळा हलत नसे. पण सहीने हललेला खिळासुद्धा फाटकावर सुभेदार भगवंतरावांपुढे थांबे. हे गृहस्थ पलटणीतून निवृत्त होऊन कारखान्याची राखण करायला आले होते आणि अंबरनाथ ही सरहद्द आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"टेबल बाहेर कशापायी?" त्यांनी विचारलं.

"जेवणासाठी."

"कसलं जेवण? लगीन, मुंज, बारसं?"

श्यामकांतरावांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. तत्त्व म्हणून नव्हे, त्यांना ते जमत नसे. "खुनाचं," ते म्हणाले.

सुभेदारांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानावर ठेवली. "लग्नाला देतो. मयतीलापण देतो, मयत काय सांगून येत नाही. पण खुनाला मंजुरी वरून पाहिजे. होणार हे ठावकं असून मी टेबल दिलं, तर उद्या मलाच आत घेतील."

"अहो सुभेदार, खोटा खून आहे!"

"मग खोटं टेबल घ्या."

एवढा अपमान पोटात घालून श्यामकांतराव घरी आले, तर ओट्यावर शेजारचे शशिकांतराव बसलेले. शशिकांतरावांना कल्याणपासून कर्जतपर्यंतची सगळी दुकानं तोंडपाठ होती आणि त्यांतल्या एकाही दुकानातून त्यांनी कधी काही विकत घेतलेलं नव्हतं. सल्ला ते फुकट द्यायचे, फक्त सोबत चहा लागायचा.

"टेबल ना? त्यात काय एवढं!" ते म्हणाले. "उल्हासनगरला जा. सिंध्यांच्या कॅम्पात मिळत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायचीय. वाधूमलला गाठा. माझं नाव सांगा."

श्यामकांतरावांनी कॅम्पात जाऊन वाधूमलला गाठलं आणि नाव सांगितलं. वाधूमलने आधी दुकानाबाहेर येऊन शशिकांतराव बरोबर नाहीत ना, याची खात्री करून घेतली. सिंधमधून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला हा माणूस आता लष्कराच्या जुन्या बराकीत खाटा, आरसे, बटणं आणि पापड एकाच फळीवर मांडून विकत होता. नाही हा शब्द त्याने सिंधमध्येच ठेवला असावा.

"टेबल? एक दिन के वास्ते? मिलेगा ना साईं! ऐसा माल देगा, मेहमान लोग खाना छोडके टेबल देखेगा."

शनिवारी दुपारी हातगाडीवरून माल आला. लाकडाच्या दोन घोड्या आणि त्यांच्यावर ठेवायची एक लांबरुंद, जड फळी. बसवून झाल्यावर श्यामकांतरावांनी वाकून पाहिलं, तर फळीच्या खालच्या अंगाला एक लोखंडी कडी लोंबत होती.

"हे काय?"

"लेडीज लोग का पर्स टांगने के वास्ते. विलायती फॅशन है."

"आणि कडेला या बिजागऱ्या?"

"पहले फोल्डिंग था, साईं. अभी पक्का हो गया."

फळीवर कोळशाने एक आकडाही लिहिलेला होता, पण तो बहुधा मालाचा नंबर असावा, असं श्यामकांतरावांनी स्वतःच ठरवून टाकलं. माणूस फसायचा म्हटलं की अर्धं काम समोरचा करतो आणि उरलेलं तो स्वतःच करतो.

आता सजावट. पद्मजाबाईंनी विलायती मासिकातलं एक रंगीत पान पाठवलं होतं. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, त्यावर रक्ताचे थेंब, मधोमध मेणबत्त्या, एक कवटी आणि उभा खुपसलेला सुरा. श्यामकांतरावांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. टेबलक्लॉथ म्हणून लग्नातलं जरीकाठी धोतर अंथरलं. कुंकू पाण्यात कालवून चमच्याने रक्त शिंपडलं, आणि कारखान्यात रंगकाम तपासतात तसं चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. कवटी कुठून आणायची? त्यांनी शेंडीसकट नारळ घेतला आणि काजळाने त्याला डोळ्यांच्या खोबण्या आणि दात काढले. वाधूमलच्या फळीत सुरा खुपसायची छाती झाली नाही, म्हणून तो एका लिंबात खुपसला. नारळ जरा हसरा वाटत होता, पण मेल्यावर कुणाला कसं वाटत असेल, ते आपण काय सांगावं!

त्यांनी उमाला हाक मारली. उमा पदराला हात पुसत आली, नारळाच्या दातांकडे पाहिलं आणि खळखळून हसली. महिन्याने हसली. श्यामकांतरावांना टेबलावर नाचावंसं वाटलं, पण ते म्हणाले, "हसतेस काय? मेणबत्त्या आणायच्या राहिल्यात." आणि सायकल काढून कॅम्पाकडे निघाले.

ते गेले आणि बदलापूरहून मोतीआत्या आल्या. मोतीआत्या म्हणजे श्यामकांतरावांच्या सख्ख्या आत्या, तिथल्याच मांजर्लीला राहायच्या, आणि त्यांचे यजमान तिथे त्यांच्या धाकात सुखाने नांदत होते. एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाला हात लावायला म्हणून उमाने त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी उंबऱ्यातच पिशवी खाली ठेवली.

"उमे, अगं काय हे? धोतरावर कुंकू सांडलंय, नारळाला काजळ फासलंय, लिंबात सुरी! कोणी करणी केली तुमच्यावर?"

उमाने त्यांना खेळ समजावून सांगितला. मसालेभात झाला की त्या टोकाच्या पानावरचे शशिकांतराव मरायचे, मॅनेजरसाहेब मारायचे, मग बाकीच्यांनी शोधायचं. आत्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "असं होय," त्या म्हणाल्या. "तू भाताकडे बघ. हे मी बघते."

श्यामकांतराव मेणबत्त्या घेऊन परत आले तेव्हा पाहुण्यांच्या बुटांचे आवाज फाटकाशी आलेच होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातून मेणबत्त्यांचा पुडा गळून पडला. रक्ताच्या एकेका थेंबाला पाच पाच बोटं फुटून त्याचं लक्ष्मीचं पाऊल झालं होतं, आणि ही पावलं धोतराच्या जरीकाठावरून चालत टेबलाच्या मध्यापर्यंत गेली होती. तिथे कवटी स्वच्छ न्हाऊन, आंब्याची पानं लेवून कलशावर बसली होती. लिंबू कोशिंबिरीत गेलं होतं. सुरी धुऊन स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथी पडली होती. ताटांभोवती सुबक रांगोळी. सत्यनारायणाला कमी होता तो फक्त चौरंग.

"आत्या!" ते जेमतेम म्हणाले.

"भरल्या घरात अवलक्षणं मांडतोस?" आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "हात धू आधी."

तेवढ्यात पाहुणे आत आले. सगळ्यांत पुढे पद्मजाबाई, मागे त्यांचे यजमान गुरुदत्तसाहेब, कोट, टाय आणि आठवडाभर दाबून ठेवलेला उत्साह. आयुष्यभर माणसांना नोटिसा दिलेल्या या सज्जनाला प्रथमच कुणाला तरी सरळ मारायला मिळणार होतं. त्यांच्यामागे शशिकांतराव, त्यांची बायको आणि आणखी दोन जोडपी. पद्मजाबाई टेबलापाशी थबकल्या. श्यामकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

"वा!" पद्मजाबाई म्हणाल्या. "किती सटल, किती सूचक! आता लक्ष द्या सगळे. पावलं अनवाणी आहेत. लहान आहेत. म्हणजे खुनी बाई आहे. आणि ती टेबलावरून चालत गेली!"

गुरुदत्तसाहेबांनी स्वतःच्या भल्यामोठ्या बुटांकडे पाहिलं आणि ते समाधानाने खुर्चीत बसले. खुर्च्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणलेल्या, त्यामुळे दोघंजण उंच बसले होते आणि एक बाई ताटाच्या पातळीला आल्या होत्या. श्यामकांतरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी पद्मजाबाईंना टेबलाखालची कडी दाखवली. "पर्ससाठी. विलायतेत असतेच, तुम्हाला माहीतच असेल." पद्मजाबाईंनी विलायतेत असलं काही पाहिलं नव्हतं, पण तसं कबूल कसं करायचं? त्यांनी पर्स अडकवली. उमा दारात उभी राहून हे पाहत होती, आणि तिची मान महिन्याभरात प्रथमच सरळ होती.

मग पद्मजाबाईंनी डोळ्यांना चष्मा लावला. "सगळ्यांच्या ताटांभोवती रांगोळी आहे. मग शशिकांतरावांच्याच ताटाभोवती का नाही?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. शशिकांतरावांच्या ताटाभोवती रांगोळी नव्हती, राखेची करडी रेघ होती, आणि ताटाशेजारी चिमूटभर काळे तीळ. टाय बांधलेली असली तरी माणसं मराठी होती. श्राद्धाचं पान कुणाला ओळखायला शिकवावं लागलं नाही.

"अगं बाई!" म्हणून शशिकांतरावांच्या बायकोने त्यांचा हात घट्ट धरला.

आत्या झारा घेऊन दारात आल्या. "त्यात घाबरायचं काय? ज्याला जायचंय त्याच्या पानाला रांगोळी घालत नाहीत, भस्माची रेघ असते. जिवंतांचं जिवंतांना, गेलेल्याचं गेलेल्याला. खेळ असला म्हणून काय रीत मोडायची?"

कोण मरणार हे अशा रीतीने मीठ वाढायच्या आधीच जाहीर झालं. शशिकांतराव ताडकन उठले. "मी मरणार नाही!"

"अहो, खेळ आहे," श्यामकांतराव म्हणाले.

"मग तुमच्या पानाला फासा राख! मला जिवंतपणी तीळ? मी तुम्हाला टेबलाचं दुकान दाखवलं, त्याचे हे पांग फेडलेत होय?"

"पण शशिकांत," गुरुदत्तसाहेब कासावीस होऊन म्हणाले, "तुम्ही नाही मेलात तर मी मारू कोणाला?"

"अहो!" पद्मजाबाई ओरडल्या. विलायत एका क्षणात उतरली होती. "ते सांगायचं नसतं!"

मेलेला कळला, मारणारा कळला, आणि अजून चटणीसुद्धा वाढून झाली नव्हती. आता पुढे काय, हा प्रश्न श्यामकांतरावांपुढे आ वासून उभा राहिला असतानाच बाहेरून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, "साईं! ओ साईं!"

दारात एक धिप्पाड सिंधी गृहस्थ आणि त्यांच्यामागे त्यांची तेवढीच भक्कम बायको. "मैं आसूमल," ते म्हणाले. "मेरा दरवाजा."

पद्मजाबाईंचे डोळे लकाकले. यजमानांनी खेळात केवढा मोठा पेच घातलाय, असं त्यांना वाटलं. "थांबा, यांना मी विचारते. काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"दरवाजे के पीछे."

"आणि आज?"

"आज दरवाजा किधर है?" आसूमलने उलट विचारलं आणि तो सरळ टेबलाखाली शिरला. "ये रहा! नंबर देखो. वाधूमल बोला, कडी ढीली है, ठीक करके देता हूं. सुबह ले गया. दोपहर को कुत्ता अंदर आके सारा आटा खा गया. वाधूमल को पकडा, तो इस घर का पता बोला. मेरी घरवाली बोलती है, बिना दरवाजा मैं नहीं सोएगी."

"कुत्रा!" पद्मजाबाई बाकीच्यांना म्हणाल्या. "कुत्रा लक्षात ठेवा."

पण उमाला कळलं होतं. तिने श्यामकांतरावांकडे पाहिलं. ज्या टेबलासाठी त्यांनी फाटकावर अपमान गिळला, सायकलचं सीट झिजवलं, लग्नाचं धोतर घालवलं, ते टेबल म्हणजे कॅम्पातल्या कुणाच्या तरी घराचं दार होतं. धरणीने पोटात घ्यावं, असं त्यांना वाटलं. आता पद्मजाबाई काय म्हणतील ते म्हणोत, पण उमाच्या तोंडाकडे पाहायचं धाडस त्यांना होईना. त्यांना खरोखर रडू येत होतं.

उमाने पदर खोचला.

"सगळ्यांनी आपापलं ताट उचला," ती म्हणाली. "शशिकांतभावजी, तुम्हीसुद्धा. साहेब, तुम्ही कलश धरा. नीट धरा, पाणी आहे त्यात."

गुरुदत्तसाहेबांनी आजवर कारखान्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. पण त्यांनी दोन्ही हातांनी कलश छातीशी धरला आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. धोतराची चार टोकं चार बायकांनी गोळा केली. आसूमल आणि त्याच्या बायकोने दार उचललं. उमाने आतून पोळ्या आणि जिलब्यांचा डबा भरून आणला आणि त्या बाईच्या हातात दिला. "कुत्ता आटा खा गया ना? ये घर ले जाव." ती बाई सिंधीत काहीतरी म्हणाली. ते कुणाला कळलं नाही, पण आशीर्वाद होता हे सगळ्यांना कळलं.

"माझी पर्स!" पद्मजाबाई किंचाळल्या.

दार रस्त्याला लागलं होतं आणि कडीला पर्स झुलत होती. श्यामकांतराव चपला न घालताच धावले. वळणावर त्यांनी दाराला गाठलं, पर्स सोडवली आणि दाराची माफी मागितली. ती का मागितली, हे त्यांना पुढे आयुष्यभर सांगता आलं नाही.

ते परत आले तेव्हा बैठकीच्या खोलीत दोन्ही भिंतींना पाट मांडलेले होते आणि सगळी मंडळी पानांवर बसलेली होती. गुरुदत्तसाहेबांचा कोट खुंटीला आणि टाय खिशात. त्यांची मांडी नीट पडत नव्हती, एक गुडघा पंगतीवर नजर ठेवून होता. आत्या रांगोळीची वाटी घेऊन शशिकांतरावांच्या पुढ्यात बसल्या होत्या. "जगायचं ठरलं ना तुमचं? मग मोर काढते," असं म्हणून त्यांनी सगळ्यांत मोठी रांगोळी त्यांनाच घातली. शशिकांतराव खूश होऊन पिसारा जरा डावीकडे हवा होता, असा सल्ला देत होते.

मसालेभाताची तिसरी फेरी झाली आणि गुरुदत्तसाहेबांना कर्तव्याची आठवण झाली. हाताशी आलेला खून असा वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि श्यामकांतरावांकडे बोट रोखलं. "श्यामकांत, तुमच्या आमटीत मी विष—"

उमा जिलब्यांचं ताट घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. "साहेब," ती म्हणाली, "माझ्या घरी पानावर बसलेलं माणूस मरत नाही. जिलबी वाढू का?"

कारखान्याच्या मालकांनीसुद्धा साहेबांना असं मध्येच तोडलं नसतं. साहेबांनी उमाकडे पाहिलं, जिलबीकडे पाहिलं, आणि बोट खाली घेतलं.

"दोन," ते म्हणाले.

सगळे इतके हसले की शशिकांतरावांना ठसका लागला आणि त्यांची बायको पुन्हा घाबरली. उमा शेवटी आपलं पान घेऊन पद्मजाबाईंच्या शेजारी बसली. पद्मजाबाई बराच वेळ चुळबुळ करत होत्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या पायाला मुंग्या आल्यात हो. तुम्ही कशा बसता?"

"एक गुडघा वर घ्या," उमा म्हणाली. "हं, असा. आता भिंतीला टेका." आणि तिने त्यांना हात देऊन नीट बसवलं.

पुढच्या महिन्याचं जेवण साहेबांच्या बंगल्यावर होतं. बंगला कारखान्याच्या आवारात, म्हणजे पुन्हा तेच फाटक आणि तेच सुभेदार. पद्मजाबाईंनी निरोप पाठवला होता: जेवण साधंच, खून नाही, आणि उमाताईंनी कृपा करून पाट आणावेत. श्यामकांतरावांनी सगळे पाट हातगाडीवर रचले आणि ते फाटकाशी आले. सुभेदार भगवंतरावांनी हात आडवा केला.

"पाट आत कशापायी?"

"जेवणासाठी."

"नुसत्या जेवणासाठी?" सुभेदारांनी कानावरची पेन्सिल काढली. "मागल्या खेपेला टेबल मागितलंत तर खून म्हणालात. आता पाट आणलेत आणि म्हणता नुसतं जेवण. साहेब, खरं काय ते सांगा."

श्यामकांतराव खरंच सांगत होते. पण दोनदा खरं बोलून दोनदा अडकलेल्या माणसाजवळ तिसरं काय असणार? ते घाम पुसत उभे राहिले. उमा पुढे गेली होती. नवं हिरवं लुगडं नेसलेली, केसांत अबोलीचा गजरा. हातगाडी मागे राहिलेली पाहून ती परतली.

"काय झालं, सुभेदार?"

"पाट कुणाचे, ते विचारतोय, बाईसाहेब."

"माझे," उमा म्हणाली.

सुभेदारांनी खाडकन सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. श्यामकांतराव एका हाताने वरचा पाट सांभाळत, दुसऱ्याने गाडी ढकलत तिच्या मागोमाग आत गेले.